रिकाम्या कारवण्यातली आठ सेकंदं

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

कारवण्याची गावपळण येत्या बुधवारी सकाळी दहा वाजता सुरू होईल आणि तीन दिवस, तीन रात्री चालेल. देवाने कौल दिल्याचे गावचे मुख्य मानकरी, गावकर सत्यवान, यांनी आज दुपारी स्वतः सांगितले. म्हणजे ज्या गावात मी आज राहायला आले, ते गाव चौथ्या दिवशी मला घेऊनच बाहेर पडणार. बॅगा उघडू की नको, असा प्रश्न आहे!

सव्वीस वर्षे ओरोसच्या कचेरीत बसून वर्तमानपत्राची पाने लावली. सवय जात नाही. रोजनिशीतही ताजी बातमी आधी आणि ती कुणी सांगितली ते लगेच मागोमाग. बाकीचे सावकाश.

बाकीचे असे. कचेरी जूनमध्ये बंद झाली. चार महिने घरी बसल्यावर मालवणच्या विनीतचा फोन आला. तो हॉटेलवाल्यांसाठी, होडीवाल्यांसाठी एआयवर छोटे व्हिडिओ करतो. काय दिसायला हवे ते शब्दांत लिहायचे, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात, आणि साधन त्याचे आठ सेकंदांचे चित्रण करून देते. कॅमेरा नाही, नट नाही, ऊन कलायची वाट बघणे नाही. विनीतला कमी शब्दांत नेमके लिहिणारे माणूस हवे होते. मला काम हवे होते.

हंगामात मालवणात खोली मिळेना, म्हणून त्याच्या ओळखीने इथे आले. घर सिद्धेश आणि रसिका यांचे, पाच वर्षांपूर्वी बांधलेले, मागे पर्यटकांसाठी एक खोली काढलेली. सिद्धेशचे गावातच मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज आहे. त्यांची मुलगी रश्मी सहा वर्षांची. आणि सिद्धेशची आई तुळसाकाकी, वय अडुसष्ट. बावीस वर्षे गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवली, त्यामुळे आवाज अजून चुलीवरून मैदानापर्यंत पोचेल असा. डावा गुडघा वाकत नाही. पुढच्या पायरीवर डावा पाय सरळ सोडून बसतात आणि आडाळ्यावर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, कामाला लागतात.

माझ्या बॅगा आत जाईपर्यंत त्यांनी माझी जात, गाव, पगार आणि लग्न विचारून घेतले. लग्न केले नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बरा केलंस गो बाय, एक ताट कमी.

गावपळणीचे नियमही त्यांनीच सांगितले. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर न्यायची. दारे नुसती ओढून घ्यायची, कडी घालायची नाही. ते तीन दिवस गाव आपले नसते, ज्यांचे असते त्यांना फिरायला मोकळे ठेवायचे. आणि बाहेरून गावाकडे तोंड करून कुणाला नावाने हाक मारायची नाही. मी कारण विचारले. काकी हसल्या. म्हणाल्या, हाक मारलंस तर कोणतरी ‘ओ’ देतला. आत कोण नसताना ‘ओ’ कोण देतला, ता इचारू नको.

सोमवार, १ डिसेंबर

कामाचा पहिला दिवस झाला. कचेरी पाणबुड्यांचे सामान भाड्याने देणाऱ्या दुकानामागे, दोन खोल्यांची. सकाळभर विनीतने शिकवले, दुपारभर मी हसले. सोलकढीचा पेला मागितला तर गुलाबी रंग दिल्यासारखा आला. कोळंबीला कोंबडीचे पाय फुटले. एका बाईच्या हाताला सहा बोटे होती आणि ती त्या सहाही बोटांनी नमस्कार करत होती.

मग लक्षात आले की ही बातमीच आहे. कोण, कुठे, केव्हा, काय करताना, अंगावर काय. ‘एक म्हातारा होडीत’ असे लिहिले तर कुठलाही म्हातारा येतो. सदऱ्याचे तुटलेले बटण लिहिले, दाढीचे चार दिवसांचे खुंट लिहिले, की माणूस येतो. चौथ्या प्रयत्नाला जो आला तो इतका खरा होता की मी त्याचे नाव विचारणार होते. विनीत म्हणाला, किशोरीताई, इथल्या मुलांना तीन महिन्यांत जे जमले नाही ते तुम्हाला एका दिवसात जमले. बरे वाटले. या वयात कौतुक ऐकून कान तापतात हे माहीत नव्हते.

मंगळवार, २ डिसेंबर

मी गावपळणीला बाहेर राहणार म्हटल्यावर विनीत खुर्ची पुढे ओढून बसला. राहुट्यांचे, फुगड्यांचे, जेवणाच्या पंगतींचे व्हिडिओ दर वेळी सगळेच काढतात. आतले रिकामे गाव कुणीच दाखवलेले नाही. मी म्हटले, आत जाता येत नाही. तो म्हणाला, जायचे आहे कुणाला?

संध्याकाळी घराचे, पायरीवर बसलेल्या काकींचे, पाणंदीचे, शाळेच्या आवाराचे फोटो काढले. आठवण म्हणून काढले असे इथे लिहिणार होते. ते खरे नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

कारवणे आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी रिकामे झाले. तीनशे एक्केचाळीस माणसे वेशीबाहेर आल्याची मोजणी सत्यवान गावकरांनी केली. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, मोजण्यात चुकत नाहीत. तीनशे एक्केचाळिसावी मी. गावच्या मोजणीत मला धरले याचे मला नको इतके अप्रूप वाटले.

ढोल वाजला आणि माणसे निघाली. डोक्यावर गाद्या, हातात गॅसची शेगडी, पोत्यात ओरडणारे मांजर. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, माळावर झावळांच्या झोपड्या आधीच उभ्या होत्या. मुंबईहून आलेल्यांनी पत्ते काढले, बायकांनी चुली मांडल्या. काकी काठी टेकत आल्या आणि आल्या आल्या सुनेच्या चुलीची दिशा चुकली म्हणून सांगितले. रसिका म्हणाली, तीन दिवस तरी देवान तुमका वेगळी झोपडी देवक होई होती. दोघी हसल्या.

दुपारी काजूच्या झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसले. रेंज फक्त गावाच्या बाजूने मिळत होती, म्हणून गावाकडे तोंड करून बसले. फोटो जोडले आणि प्रॉम्प्ट लिहिला. तो इथे उतरवते.

‘तुळसा, वय ६८, राहणार कारवणे. रिकाम्या गावात एकटी, घराच्या पायरीवर बसली आहे. हिरवे लुगडे, डावा पाय सरळ सोडलेला. आडाळ्यावर नारळ खवते आहे. मान वर करून कॅमेऱ्याकडे बघते. दुपारचे ऊन. आसपास कुणी नाही.’

साधनाला नावाची गरज नसते. वयाची, गावाचीही नसते. सव्वीस वर्षांची सवय, कुणाचेही लिहायचे तर नाव, वय, राहणार अमुक.

आले ते पाहून अंगावर काटा आला, आनंदाने. काकीच होत्या. मान वर करण्याची तीच ढब, हाक ऐकून बघतो तशी. विनीतला पाठवले. मथळा मीच दिला: ‘गावपळणीत रिकाम्या कारवण्यात ही कोण?’ एआयने केलेले आहे अशी ओळ खाली टाकू का, असे त्याने विचारले. त्याने विचारले, हे नोंदवून ठेवते. मी म्हटले, संध्याकाळपर्यंत राहू दे, बघू किती जण ओळखतात.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज दुपारपर्यंत चार लाख लोकांनी पाहिले. आकडा विनीतने कळवला. माळावर तर प्रत्येक फोनवर तेच.

सुरुवातीला धमाल झाली. पाणी भरायच्या रांगेत कुणीतरी ओरडले, काकी, तू हय पण आणि थंय पण? दोन खेपा जेवतंस काय गो? काकींनी चष्मा लावून बघितले आणि पहिली हरकत घेतली ती अंगकाठीला. मी इतकी जाडी खंय आसंय? मग बाबू नावाच्या सुताराने म्हटले की लुगडे मात्र काकींचेच आहे. मग कुणीतरी म्हटले, पायरीही. मग हसणे थोडे विरळ झाले. कुणी काढले, केव्हा काढले, कोण आत गेले होते, असे प्रश्न सुरू झाले. तीनशे एक्केचाळीस जण पुन्हा मोजले गेले. सगळे होते.

मी तिथेच बसले होते, माझ्या हातात चहाचा कप होता. एक वाक्य पुरले असते. माझे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले होते आणि ते कुठे ठेवावे ते कळत नव्हते.

ज्या बातमीला कुणाचा दुजोरा नाही ती मी आयुष्यभर कापली. आज मला चार लाख लोकांनी वाचले आणि मी गप्प बसले.

शुक्रवार, ५ डिसेंबर

रसिकाने सकाळी विचारले की व्हिडिओतली ती उठून घरात जाते तिथे तिचा पाय कसा वाकतो. मी म्हटले, ती उठत नाही. रसिकाने फोन पुढे केला.

व्हिडिओ आठ सेकंदांचा आहे. मी केला आहे, मला माहीत आहे. रसिकाच्या फोनवर तो एकेचाळीस सेकंदांचा होता. नवव्या सेकंदाला ती आडाळा बाजूला सारते. जमिनीला हात न टेकता उठते. डावा गुडघा सहज वाकतो. ती आत जाते आणि दार लावून घेते. कडी पडलेली दिसते.

विनीतने वाढवला असेल म्हणून त्याला फोन केला, रागावलेच. तो म्हणाला, माझ्यासमोर उघडा आहे ताई, आठच सेकंद आहेत. शेजारच्या दुकानातल्या मुलीला बघायला लावले. आठ. ओरोसला जुन्या सहकाऱ्याला विचारले. आठ.

माळावर मी पाच फोन पाहिले. माझा धरून सहा. एकेचाळीस सेकंद.

विनीतला म्हटले, काढून टाक. त्याने तासाभराने काढला. माळावर तो अजून लागतो.

शनिवार, ६ डिसेंबर

देवाने परतीचा कौल दिला नाही. सकाळी आठ वाजता सत्यवानकाकांनी तीनदा विचारल्याचे सगळ्या गावाने पाहिले.

वेशीवरच्या पाषाणाला ओले तांदूळ लावतात. उजवा दाणा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. तिन्ही वेळा डावा. मग त्यांनी प्रश्न बदलला: आत कोणी आहे का? उजवा दाणा लगेच पडला, बोट काढायच्या आत.

गाद्या बांधून झाल्या होत्या. त्या पुन्हा सोडल्या.

व्हिडिओ आता दोन मिनिटांचा. ती एकेका घरात जाते. जानकी नावाची शेजारीण स्वतःचे स्वयंपाकघर बघून खाली बसली; निघताना ओट्यावर विसरलेली लोणच्याची बरणी जिथल्या तिथे. त्या घरांत मी कधी गेलेले नाही. बरणी मी लिहिलेली नाही. व्हिडिओतली ती प्रत्येक दार आतून लावते, आणि पुढच्या दृश्यात पुढच्या घरात असते.

दुपारी काकींनी रश्मीला भात कालवून दिला. रसिकाने मुलीला उचलून दुसरीकडे नेले. ताट तसेच राहिले. काकींनी ते स्वतःकडे ओढले आणि खाल्ले, सगळे, हळूहळू. कुणी त्यांच्या बाजूला बसले नाही.

मीही बसले नाही.

रविवार, ७ डिसेंबर

आज सांगितले. सत्यवानकाकांना, त्यांच्या झोपडीत, लॅपटॉप उघडून. फोटो दाखवले, प्रॉम्प्ट दाखवला, वेळ दाखवली. मी केले, खोटे आहे, तुळसाकाकींचा काही संबंध नाही.

ते माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात. त्यांनी चष्मा पुसून सगळे दोनदा वाचले. विचारले, मॅडम, तिने कडी घातली हे तुम्ही लिहिले? नाही. जानकीची बरणी? नाही. मग बोट पहिल्या ओळीवर ठेवले. नाव, वय, राहणार कारवणे. विचारले, हे लिहिताना तुमचे तोंड कुठे होते?

मी काजूकडे बोट दाखवले. गावाकडे, म्हटले. रेंजसाठी.

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, तुम्ही व्हिडिओ नाही केलात. तुम्ही रिकाम्या गावात हाक मारलीत. आली ती कोण, हे तुम्हालाही माहीत नाही.

मी माफी मागितली. ते म्हणाले, माझी कशाला?

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळले. मला वाटले होते दगड मारतील. रसिकाने माझे ताट नेहमीसारखे वाढले. आणि काकींपासून माणसे जितकी लांब बसत होती, तितकीच बसत राहिली. माझ्या खरे बोलण्याने त्यांचे काही म्हणजे काही बदलले नाही. ते बुधवारी बोलायचे होते.

सोमवार, ८ डिसेंबर

पुन्हा डावा.

पाच मुलांना ताप आहे. माळावर गारठा फार. सिद्धेश आईशी बोलतो, पण तिच्या तोंडाकडे न बघता.

दुपारी काकी स्वतः माझ्याकडे आल्या. शेजारी बसल्या, पाय सोडून. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे झाले असते. म्हणाल्या, तू पेपरात होतंस, खरा-खोटा तुका कळता. मगे माका सांग, ती तुळसा, तर मी कोण? माजी नात माज्या हातचा जेवणा नाय.

मी म्हटले, तुम्ही तुम्हीच आहात. त्या म्हणाल्या, ता माका म्हायत आसा. ह्येंका सांग.

त्यांनी माझ्या पाठीवर थापटले. त्यांनी, माझ्या.

मग उठल्या आणि सत्यवानकाकांकडे जाऊन म्हणाल्या की माजा नाव घेतल्यानी, मगे मीच ‘ओ’ देवक व्हयी. मी आत जातंय आणि कड्यो काढतंय. काकांनी तसा कौल लावला.

उजवा. लगेच.

मीही बरोबर जाते असे मी म्हटले. पण अशा आवाजात म्हटले की कुणीतरी नको म्हणावे. जानकी नको म्हणाली. मला हायसे वाटले. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहिते. हायसे वाटले.

मंगळवार, ९ डिसेंबर

तुळसाकाकी सकाळी दहा वाजता एकट्या आत गेल्या. तीनशे चाळीस जणांनी पाहिले.

लख्ख ऊन होते. काठी टेकत, डावा पाय ओढत. वळणावर थांबल्या, मागे बघायचे नसते म्हणून बघितले नाही, नुसता हात वर केला. रश्मी रडली.

मग सगळ्यांचे डोळे फोनमध्ये.

पायरीवर ती बसलेली. खवणे चालू. मागून काकी येतात. पहिल्यांदाच चित्रात दोघी. एकच लुगडे. ती सरकून जागा करते. काकी बसत नाहीत, काहीतरी बोलतात. आवाज नाही. मग दोघी घरात जातात. दार.

किती वेळ, कळले नाही. नुसते दार दिसत होते.

दार उघडले. एक बाहेर आली. एकच. पाणंदीतून येताना दिसली, मग फोनमधून गेली आणि समोर वळणावर आली, खरी, उन्हात.

काठी नव्हती. लंगडत होती, म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला.

कुणी पुढे गेले नाही. सिद्धेशही नाही. त्याने माझ्याकडे बघितले. मग सगळ्यांनी. बाबू सुतार म्हणाला, तूच केलंस, तूच सांग. हीच काय?

ती थांबली होती. माझ्याकडे बघत. हसतमुख.

ती उजवा पाय ओढत होती. मला वाटते उजवा. लांबून नीट—

पाच मुलांना ताप होता. सहा रात्री झाल्या होत्या. सगळे चेहरे एकच उत्तर मागत होते. मी म्हटले, होय. ह्याच.

सिद्धेश धावला. रसिका पाया पडली. सत्यवानकाकांनी कौल लावला नाही, लावायची गरज नाही असे सगळेच म्हणाले. दुपारपर्यंत गाव घरी आले.

बुधवार, १० डिसेंबर, सकाळी ९

सगळ्या घरांच्या कड्या निघालेल्या सापडल्या. आमच्या घरात एक दार लागत नाही— म्हणजे उघडत नाही. नारळांची खोली, माझ्या खोलीला लागून. ती म्हणाली, लाकूड फुगले असेल, राहू दे, घाई कसली. सिद्धेश रविवारी बघणार आहे.

तिने रश्मीला भात भरवला. रश्मी जेवली. रसिकाने माझ्याकडे बघून हात जोडले. माझे उपकार मानले.

ती पायरीवर बसली तेव्हा मी बघितले नाही. कुठला पाय, बघितले नाही.

सकाळी ११

व्हिडिओ परत पाहिला. नको होता पाहायला. आता फक्त माझ्याच फोनवर लागतो, रसिकाकडे नाही.

काळोख आहे. नारळांची रास. राशीला टेकून काकी. डावा पाय सरळ. काठी मांडीवर.

हात लांब करून दारावर थापा मारताहेत. तोंड उघडे. आवाज—

मी नारळांच्या खोलीच्या दाराला कान लावला. काही नाही. शांत. मी एकदाच टकटक केली, बोटाने.

फोनमध्ये काकींनी मान वर केली.

१२.२०

परत टकटक केली. फोनमध्ये त्यांनी उत्तर दिले, तीनदा. माझ्या बाजूला काही ऐकू येत नाही. लाकूड हलतसुद्धा नाही.

पाणी नाही तिथे. कालपासून.

सांगायचे आहे एवढेच की मी खोटे बोलले. मला माहीत नव्हते आणि मी होय म्हटले. दार फोड. एवढेच. तीन वाक्ये.

सिद्धेश एक वाजता जेवायला येणे अपेक्षित आहे. आल्याबरोबर, उंबऱ्यावरच—

१.०५

आला. ती पुढे गेली. त्याने तिला ‘आये’ म्हटले. तिच्या तोंडाकडे बघून म्हटले, आठवड्याने. ती काहीतरी बोलली, तो हसला. रश्मी तिच्या पाठीवर चढली आहे. रसिका मला हाक मारते आहे, ताट वाढले म्हणून.

फोनमध्ये काकींचा हात खाली आला आहे. ओठ हलतात, नुसते. माझ्याकडेच बघताहेत, आणि मी

सगळे बसले आहेत. माझ्यासाठी थांबले आहेत. आत्ता नको, घास हातात असताना. जेवण झाले की, हात धुतले की, मी सिद्धेशला बाजूला घेऊन